डावा तळहात

कस्तुरीवहिनीनं कागद उलटा ठेवला नव्हता. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून टाकतो. शेवटासाठी राखून ठेवलं तर ते पुन्हा राहून जाईल, इतका मी स्वतःला ओळखतो. आमच्या घरात आणि भावकीत ‘कस्तुरीनं कागद उलटा ठेवला’ हे आधी दबक्या आवाजात, मग उघड आणि पुढं पुढं चेष्टेनं बोललं गेलं. कुणी सुनेनं पोळपाट पालथा टाकला, कुणी पोराला सदरा उलटा घातला, की बायका म्हणायच्या, ‘कस्तुरीचा हात लागला वाटतं.’ ते बोलणं ज्या वाक्यातून निघालं ते वाक्य माझं. एका सकाळी, श्वास घ्यायला लागतो तेवढ्या वेळात, मी ते तयार केलं आणि माझ्यावरचं संकट तिच्या अंगावर ढकललं. ते कसं घडलं, हे सांगायचं तर आधी ते घर सांगायला हवं.

गुलबर्ग्याजवळच्या आळंद गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर होतं. पुढच्या दोन खोल्या वडिलांच्या, अप्पांच्या, तुरीच्या धंद्याच्या, मागच्या आमच्या. पण अशी वाटणी नुसती म्हणायला. सुगीत पोती थेट माजघरापर्यंत यायची आणि आम्ही भावंडं पोत्यांवरच अंथरूण टाकायचो. तागाचा, धुळीचा आणि कच्च्या तुरीचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. सोलापूरला इतकी वर्षं काढली तरी गेला नाही. सकाळी कबुतरं माळवदावर घुमायची, मग उमरग्याची गाडी वळणावर हॉर्न द्यायची, मग बाजारातली बोली सुरू व्हायची. अप्पा शेतकऱ्यांशी मराठीत बोलायचे, आईशी, म्हणजे अव्वाशी, कन्नडमध्ये भांडायचे आणि हमालांच्या मुकादमाला दखनीत समजवायचे. ‘अरे मियाँ, पोतं हाय, पोरगी न्हाई, एवढं हळू कामून धरतंय?’ अशी त्यांची एकाच वाक्यात सगळी खिचडी असायची. आम्हाला ती एकच भाषा वाटायची.

पोत्यांवर मार्का उठवायचं काम थोरल्या भावाकडं, अण्णाकडं होतं. पत्र्यात कोरलेला साचा होता: वर पिंपळपान आणि खाली अप्पांचं नाव. साचा पोत्यावर धरायचा आणि काळ्या रंगात बुडवलेली चिंधी त्यावर फिरवायची. एकदा एका नव्या हमालानं साचा पालथा धरला. पोत्यांची अख्खी रांग उलट्या नावाची झाली. अण्णा त्या दिवशी एवढा ओरडला की शेजारचा कापडवाला दुकान सोडून बघायला आला. ‘आरशात बघून तूर विकायची व्हय आता?’ असं तो दिवसभर म्हणत होता. ही गोष्ट मी उगाच सांगत नाही. साचा पालथा धरला की अक्षरं उलटी येतात, एवढंच छापण्याचं ज्ञान आमच्या घराला होतं. आणि पुढं मी जे खोटं बोललो ते याच ज्ञानावर उभं राहिलं.

अण्णाचं लग्न झालं आणि कस्तुरीवहिनी आली. तिचं माहेर कडगंचीकडचं एक लहान खेडं. तिकडं आता विद्यापीठ आहे, रुंद रस्ता आहे; तेव्हा बाभळी आणि शेळ्या होत्या. ती कन्नडमध्येच वाढलेली. मराठी समजायची पण बोलताना अडखळायची, आणि अडखळली की हसायची. अव्वाला ते हसणं आवडायचं नाही. ‘सून हाय का घुंगरू?’ असं ती म्हणायची. पण वहिनीच्या भाकरीला मात्र अव्वा नाव ठेवू शकली नाही. तिच्यासारखी भाकरी त्या गल्लीत कुणाची होत नव्हती. पीठ मळून झालं की ती ते परातीत ठेवायची आणि तळहाताच्या कडेनं गोल गोल थापत न्यायची. भाकरी तिच्या हाताखाली स्वतःच फिरत वाढतेय असं वाटायचं. कड आणि मध्य एकसारखे पातळ. मग पुंडीची म्हणजे अंबाडीची आंबट भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर करडीच्या तेलाची धार. आज डॉक्टरनं मला तेल बंद केलंय, तरी लिहिताना तोंडाला पाणी सुटलं.

मी तेव्हा गुलबर्ग्याला कॉलेजात होतो. तिथं एक ड्रॉइंगचे मास्तर संध्याकाळी वर्ग घ्यायचे. त्यांनी आम्हाला एक नवंच छापकाम दाखवलं. काचेवर जाड शाई फासायची. त्या काळ्यात काडीनं, बोटानं, फडक्यानं पुसत पुसत चित्र काढायचं, म्हणजे जिथं उजेड हवा तिथली शाई काढून घ्यायची. त्यावर ओलसर कागद ठेवून मागून घासायचं आणि कागद उचलायचा. बस्स. यंत्र नको, ठोकळा नको. मास्तर म्हणायचे, ‘एका काचेतून एकच चित्र निघतं. दुसऱ्यांदा कागद ठेवलात तर नुसती सावली येईल. म्हणून मन लावून काढा.’ मला वेड लागलं. उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो ते मोडक्या कपाटाच्या दाराची काच शोधतच.

मागच्या सोप्यात शहाबादी फरशी होती, सपाट आणि गार. काच तिच्यावर ठेवली की हलायची नाही. प्रश्न शाईचा होता. अण्णाचा मार्क्याचा रंग पातळ; काचेवरून ओघळायचा. मला दोन दिवस डोकं धरून बसलेलं बघून वहिनीनं विचारलं, ‘भावजी, काय झालं? दाढ दुकते?’ मी सांगितलं, शाई चिकट पाहिजे, मधासारखी. ती म्हणाली, ‘करडीचं तेल आटवलं की चिकट होतं. आमच्याकडं बैलगाडीच्या चाकाला लावतेत.’ तिनं परसात तीन दगड मांडले आणि जुन्या पातेल्यात तेल चढवलं. सगळ्या गल्लीत खमंग आणि मग जळका वास. अव्वा आतून ओरडली.

‘कस्तुरी, तेल कुठं चाललं एवढं?’

‘काजळ करायलाव, अव्वा.’

‘काजळ? कुणाच्या डोळ्यात घालायलीस, म्हशीच्या?’

‘भावजींच्या,’ वहिनी म्हणाली आणि पदर तोंडात घालून हसायला लागली.

तेल दाट झालं. चिमणीवर पत्रा धरून जमवलेली काजळी त्यात कालवली आणि आमची शाई तयार झाली. पण चित्र उठेना. मी पळीच्या पाठीनं घासायचो. कुठं कागद फाटायचा, कुठं पांढरा ठिपका राहायचा. वहिनी भाकरी करता करता माझी फजिती बघायची. एकदा तिला राहवलं नाही. ‘भावजी, भांडं घासायलात का कागद? सरका.’ तिनं हात धुतले, पदर खोचला आणि कागदावर तळहाताची कड ठेवली. मधून कडेला, गोल गोल, भाकरीसारखं. मी फक्त कागदाचे कोपरे धरले. तिनं हात काढला आणि आम्ही दोघांनी कागद उचलला. काळ्या अंधारात वांग्याचं झाड, त्याच्या पानांवरची धूळसुद्धा उठली होती. वहिनी आ वासून बघत राहिली. मग म्हणाली, ‘हे मी केलं?’ ‘आपण,’ मी म्हणालो. त्या उन्हाळ्यात मी खरं बोललो अशा थोड्या गोष्टींपैकी ती एक.

मग रोज दुपारी तेच. जेवणं झाली, अव्वा कलंडली, की आम्ही फरशीवर बसायचो. कडुनिंबाची फांदी, पाणी पिणारा बैल, दोरीवरची वाळणारी पातळं. मी काढायचो, ती कागद ओल्या पंच्यात गुंडाळून भिजवायची, काचेवर ठेवायची आणि थापायची. कागद ठेवणं हे तिचं काम, हे घरात सगळ्यांना माहीत झालं होतं. डावं-उजवं उलट येतं, हे तिनं माझ्याआधी ओळखलं. कबुतरांचं एक चित्र निघाल्यावर ती म्हणाली, ‘काचेवर कबुतर बाजाराकडं चाललं हुतं, कागदावर मशिदीकडं चाललं.’ मी तिला मोठ्या ऐटीत समजावलं की छापकामात हे असंच असतं. जे मला मास्तरांनी शिकवलं ते तिनं नुसतं बघून काढलं होतं, हे काही मी तिला बोललो नाही.

अप्पांचं चित्र काढायची कल्पना माझीच. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. स्टुडिओत जाऊन बसायचं म्हटलं की ते म्हणायचे, ‘मी काय गुन्हा केलाय, ताठ बसून कॅमेऱ्याकडं बघायला?’ पण पूजेला बसलेल्या माणसाला कुणी बस म्हणावं लागत नाही. आम्ही लिंगायत; घरात इष्टलिंगाची पूजा. अप्पा सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून मागच्या अंधाऱ्या खोलीत बसायचे, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचे आणि डाव्या तळहातावर घ्यायचे. डाव्याच. लहानपणी मी कधी उजवा हात पुढं केला तर अप्पा न बोलता माझा हात खाली करायचे आणि दुसरा उचलून धरायचे. माळवदात उजेडासाठी एक सानं होतं. त्यातून ऊन नेमकं त्यांच्या तळहातावर पडायचं. बाकी सगळा काळोख. काळ्यातून उजेड पुसून काढायच्या माझ्या छापकामासाठी याहून चांगलं काय मिळणार होतं?

त्या सकाळी मी काच मांडीवर घेऊन दाराशी बसलो. वहिनी भिजवलेला कागद घेऊन मागं उभी होती. पूजा काही माझ्यासाठी थांबणार नव्हती आणि उन्हाची तिरीप सरकत होती. मी भराभर पुसत गेलो. खांदा, वाकलेली मान, खाली झुकलेले डोळे. समोर जसं दिसत होतं तसं. कपाळावरचे पट्टे मला जमेनात, तेव्हा वहिनीनं पुढं वाकून तीन काड्या एकत्र धरल्या आणि एकदाच ओढल्या. अगदी विभूती लावतात तशा. मग मी हात काढला. त्यावर लिंग काढलं. वहिनी मागून हळूच म्हणाली, ‘भावजी, हात...’

‘गप बसा हो, मधे बोलू नका,’ मी म्हणालो.

मी काच उचलून सोप्यात आणली. तिनं कागद ठेवण्याआधी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच ‘ठेवा’ म्हणालो. तिनं ठेवला आणि थापला. इतका सुंदर छाप आम्हाला त्या उन्हाळ्यात मिळाला नव्हता. अप्पा तिथं होते. जिवंत. मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. अव्वा आली, अण्णा मार्क्याचे काळे हात घेऊन आला, पूजा आटोपून अप्पा आले. अव्वानं आधी पदर डोळ्यांना लावला, ‘अगं बाई, हेच की हे!’ आणि मग तिचा चेहरा बदलला.

‘लिंग उजव्या हातात कामून?’

मी चित्राकडं पाहिलं. कबुतरांच्या वेळी वहिनीला ऐटीत शिकवणारा मी, समोर दिसलं तसंच काचेवर काढून बसलो होतो. काचेवरचा डावा कागदावर उजवा झाला होता. लिंगवंताच्या घरात, कर्त्या माणसाच्या पहिल्या चित्रात, पूजाच उलटी. अण्णा म्हणाला, ‘हे काय केलंस रे? शिकून आलास ते हेच व्हय?’ सगळे माझ्याकडं बघत होते. अप्पा आपले दोन्ही तळहात पुढं धरून एकदा त्यांच्याकडं, एकदा चित्राकडं बघत होते. आणि मी म्हणालो, ‘मी बरोबरच काढलं हुतं. वहिनींनी कागद उलटा ठेवला.’

याला काही अर्थ नव्हता. कागद कसाही ठेवा, चित्र उलटंच येणार. पण हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. अण्णाला लगेच पटलं. ‘साचा पालथा ठेवला म्हण की! त्या हमालावानी!’ तो वहिनीकडं वळला. ‘डोळे हायत का भोकं?’ अव्वा तर काही ऐकायच्या पलीकडं गेली होती. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी काहीतरी पुढं बोलेन, अशी वाट बघितल्यासारखं. मी काच पुसायला घेतली. अव्वानं तो छाप वहिनीच्या हातात दिला. ‘जा, मळ्यातल्या विहिरीत सोडून ये. चुलीत घालू नको, देवाचं हाय.’ वहिनी तो ओला कागद दोन्ही हातांवर घेऊन परसात गेली. तिच्या मागोमाग अप्पाही काठी घेऊन बाहेर पडले. मी आत काच पुसत राहिलो. स्वच्छ झाली तरी पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी अव्वानं फर्मान काढलं, की पूजेच्या सामानाला कस्तुरीनं हात लावायचा नाही. अप्पा भाकरी मोडता मोडता म्हणाले, ‘पूजेचं पाणी कस्तुरीच आणील.’ अव्वा काही बोलायला गेली तर ते एवढंच म्हणाले, ‘माझी पूजा हाय.’ मला वाटलं, अप्पांनी तिला माफ केलं. आणि खोटं सांगू नये, मला बरंही वाटलं. म्हणजे आता माझ्यावर काही उरलं नाही. त्यानंतर अप्पा अधूनमधून माझ्याजवळ येऊन बसायचे, हे मला चांगलं आठवतं. मी कॉलेजला निघालो तेव्हा स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे. ‘काय बोलायचं हाय का?’ त्यांनी विचारलं. मला वाटलं, खर्चाचं विचारतायत. ‘न्हाई अप्पा, हाय माझ्याजवळ,’ मी म्हणालो. दिवाळीला आलो तेव्हाही एकदा तुरीच्या पोत्यावर बसून त्यांनी तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं. छापकाम मी सोडलं होतं. वहिनी काचेचं नाव काढत नव्हती आणि मीही नाही. तिचं हसणंही कमी झालं होतं. अव्वाला हवं होतं तसं.

आणखी वर्षभरानं, तुरीची नवी आवक सुरू झाली त्या दिवसांत अप्पा गेले. बोलता बोलता, दुकानातच. आमच्यात बसवून माती देतात. खड्ड्यात मांडी घालून बसवलं, कपाळावर विभूती ओढली आणि लिंग तळहातावर ठेवायची वेळ आली तेव्हा अव्वा एकदम किंचाळली, ‘डावाच हात हाय ना? नीट बघा! घरात एकदा उलटं झालंय!’ सगळ्यांच्या माना बायकांच्या घोळक्याकडं वळल्या, जिथं वहिनी उभी होती. तिच्या कडेवर तेव्हा तिचा काही महिन्यांचा मुलगा, बसवराज होता. तिनं त्याचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. मी खड्ड्याच्या काठावर, अप्पांपासून हातभर अंतरावर उभा होतो. मुठीत माती होती. तिथं एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. मी माती टाकली.

अप्पा गेल्यावर पाणी आणायचंही बंद झालं. अव्वा होती तोवर वहिनीनं देवघराचा उंबरा ओलांडला नाही. सणावाराला फुलं परडीत आणून ती बाहेर ठेवायची आणि दुसरी कुणीतरी आत न्यायची. शेवटच्या आजारपणात अव्वाचं सगळं वहिनीनंच केलं, न्हाऊमाखू घातलं, भाकरी ताकात कुस्करून भरवली. तरी लिंगाची डबी बदलायची झाली की अव्वा शेजारणीला हाक मारायची. हे मला अण्णाच्या फोनवरून कळायचं, तोही सहज सांगावं तसं सांगायचा. मी सोलापुरात ड्रॉइंगमास्तर झालो. नोकरीभर पोरांना रंग शिकवले, ठसे शिकवले, भेंडीचे आणि बटाट्याचे छाप करून घेतले. काच कधी काढली नाही. आणि अप्पांचा चेहरा मला आठवेनासा झाला. घरात त्यांची एकही प्रतिमा नव्हती. अव्वाची आहे, अण्णाची आहे, हार घातलेली. अप्पांच्या जागी भिंतीवर कॅलेंडर असायचं.

हे सगळं असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण या वर्षी उन्हाळ्यात मी आळंदला गेलो तेव्हा बसवराजची मुलगी मेघा सुटीला आली होती. ती कलेचं शिक्षण घेते. दुपारी तिनं पिशवीतून एक कागद काढून सगळ्यांना दाखवला. ‘काचेवर केलंय. मशिनबिशिन काही नाही, नुसत्या हातानं.’ काळ्या अंधारात एक खिडकी होती. बसवराज हसून म्हणाला, ‘आजीला दाखवू नको बाई, ती कागद उलटा ठेवील.’ सगळे हसले. वहिनी पलंगावर शेंगा सोलत बसली होती, तीही हसली, ‘व्हय व्हय, माझ्यापासून लांबच ठेव.’ मेघा मात्र हसली नाही. ‘उलटा म्हणजे? कागदाला कुठं उलटं-सुलटं असतं?’ तिनं माझ्याकडं पाहिलं, कारण त्या घरात चित्रातलं कळणारा मी.

तेवढ्यात बसवराजची बायको चहा घेऊन आली. कप वाटले गेले, बसवराजचा फोन वाजला, तो मोंढ्यातल्या कुणाशी तरी तुरीच्या भावाबद्दल बोलायला लागला. प्रश्न विरून गेला होता. मी चहा प्यायलो असतो तर चाललं असतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, ‘बसू, फोन ठेव.’ आणि सांगितलं. सगळं. काचेवर मी काय काढलं, वहिनी ‘भावजी, हात’ म्हणाली ते, मी तिला गप्प केलं ते आणि मग काय बोललो ते. मातीच्या वेळचंही.

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं ती फोडली, दाणे ताटात टाकले. ‘अव्वा असत्या तर बरं झालं असतं,’ ती म्हणाली. ‘तुमचे अण्णा तरी. आता कुणाला सांगायलात भावजी? ह्यांना? ह्यांच्यासाठी ती नुसती गंमत हाय.’ माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी मागितलंही नाही. ताट बाजूला सारून ती पलंगावरून उतरली. ‘मेघा, माझी ट्रंक काढ. खालची. हिरवी.’

ट्रंकेत जुनी लुगडी होती. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून तिनं एक घडी घातलेला कागद काढला. एक कोपरा उंदरानं खाल्लेला. ‘अव्वांनी इहिरीत सोड म्हटलं त्या दिवशी अप्पा माझ्या मागं आले,’ ती म्हणाली. ‘कन्नडमधी विचारले, खरं सांग पोरी, काय झालं. मी म्हटलं, दाखवते. छाप ओलाच हुता. त्यावर दुसरा कागद ठेवला आन थापला. उलट्याचं परत उलटं, म्हंजे नीट. अप्पांनी बघितलं. लई वेळ बघत बसले.’

‘मग बोलले का नाहीत कुणाला?’ मेघानं विचारलं.

‘मी बी तेच म्हटलं. तर म्हणाले, आज मी बोललो तर त्याचं तोंड बंद हुईल, जलमभर. तो सांगंल. सांगितल्यावर हे काढ, भिंतीवर लाव.’ वहिनीनं कागद फरशीवर ठेवला. ‘मग तेच गेले. मी तरी कशी काढणार? मला कोण खरं म्हणणार हुतं? मधी कितीक वर्सं इसरून बी गेले हुते. लई वेळ लावलात, भावजी.’

‘काय बोलायचं हाय का?’ स्टँडवर, खिडकीशी. पोत्यावर बसून. मला ते आत्ता ऐकू आलं.

कागद पिवळा पडला होता आणि प्रत्येक रेघेभोवती करडीच्या तेलाची तांबूस कड उमटली होती. चित्र फिकट, सावलीसारखं. पण अप्पा होते. झुकलेली मान, खाली वळलेले डोळे, कपाळावर तिनं तीन काड्यांनी ओढलेली विभूती आणि उजेडात धरलेला डावा तळहात. घडीच्या चुण्या नेमक्या चेहऱ्यावरून गेल्या होत्या. वहिनी गुडघे धरत खाली बसली. मेघा म्हणाली, ‘आजी, थांब, मी इस्त्री आणते.’ वहिनीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदरानं हात पुसून तिनं तळहाताची कड कागदाच्या मधोमध ठेवली आणि गोल गोल, कडेपर्यंत नेत ती चुण्या बसवू लागली. कागद तिच्या हाताखाली सरकायला लागला. मी तिच्यासमोर बसलो आणि त्याचे कोपरे धरले.